खडबडीतच बरं!

वर्कशॉपमध्ये फाईल घासून घासून हाताला फोड आले की आपण एकच धडा शिकतो : पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका जॉब चांगला. माझाही यावर ठाम विश्वास होता. तो डळमळला बाबांच्या दाढेमुळे.

बाबांची खालची दाढ काढावी लागली. तिच्या जागी डॉक्टरांनी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला आणि बजावलं, "वरची दाढ तीन महिन्यांनी बसवू. तोवर या बाजूने चावायचं नाही." बाबा घरी येऊन म्हणाले, "अरे, स्क्रू तर आजच घट्ट बसलाय. मग थांबायचं कशाला?" आणि भाकरी, चकली सगळं त्याच बाजूने सुरू! पाचव्या आठवड्यात स्क्रू हलायला लागला, काढावाच लागला. पैसे गेले ते गेलेच, वर त्रास वेगळा.

घट्ट बसलेला स्क्रू सैल कसा झाला? या एका प्रश्नासाठी मी लायब्ररी धुंडाळली.

गोष्ट सुरू होते १९५२ च्या सुमारास, स्वीडनमधल्या लुंड येथे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले, तर ते निघेचना! हाड धातूला चिकटून वाढलं होतं. पुढे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. या जोडणीला नाव पडलं ऑसिओइंटिग्रेशन.

खरं तर हाड शुद्ध टायटॅनियमला भेटतच नाही. हवा लागताच धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा टायटॅनियम डायऑक्साईडचा थर बसतो. हा थर गंज रोखतो आणि शरीराला खुपत नाही.

आता बाबांची चूक पाहा. पहिल्या दिवशीची पकड असते निव्वळ यांत्रिक, लाकडातल्या स्क्रूसारखी. मग शरीर ड्रिलिंगमध्ये दुखावलेलं हाड खाऊन टाकतं आणि नवीन हाड घालू लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास जुनी पकड ढिली झालेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. या काळात स्क्रू साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतुमय पेशीजाल तयार होतं. मग स्क्रू कायमचा डुगडुगतो.

हा नाजूक काळ कमी करायचा कसा? इथेच आपला 'सरफेस' येतो. सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, गुळगुळीत काँक्रीटवर प्लॅस्टर टिकत नाही, म्हणून गवंडी आधी छिन्नीने खाचा पाडतो. इथेही तेच. खडबडीत पृष्ठभागावर रक्ताची गुठळी घट्ट धरून राहते आणि तिच्या धाग्यांवरून हाड बनवणाऱ्या पेशी थेट धातूपर्यंत पोहोचतात.

मुख्य पद्धती अशा :

१) सँडब्लास्टिंग व ॲसिड एचिंग : ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करून मोठे खळगे पाडतात. मग हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक ॲसिडने त्यांच्या आत एक-दोन मायक्रॉनचे बारीक खड्डे.

२) ॲनोडायझिंग : टायटॅनियमला ॲनोड करून ऑक्साईडचा थर जाड आणि सच्छिद्र करतात.

३) हायड्रॉक्सीॲपेटाईटचा लेप : हाडातल्याच खनिजासारखा कॅल्शियम फॉस्फेट प्लाझ्मा स्प्रेने चढवतात. हाड याला पटकन धरतं, पण लेपच धातूपासून सुटण्याची भीती असते.

डॅनियल बुझर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये डुकरांच्या हाडात केलेले प्रयोग बोलके आहेत. पॉलिश केलेल्या पृष्ठभागाला हाडाचा स्पर्श २० ते २५ टक्के, ब्लास्टिंग-एचिंग केलेल्याला ५० ते ६० टक्के, तर लेप असलेल्याला ६० ते ७० टक्के!

मग वाट्टेल तितकं खडबडीत करावं का? नाही. सरासरी एक ते दोन मायक्रॉनचा खडबडीतपणा योग्य मानतात. त्याहून जास्त झाला आणि तो भाग हिरडीबाहेर उघडा पडला, तर बॅक्टेरियाही तिथेच घर करतात.

हे सगळं मी बाबांना फोनवर समजावलं. दुसऱ्या वेळी त्यांनी तीन महिने निमूटपणे दुसऱ्या बाजूने चावलं. आज त्याच दाढेने ते चकली खातात आणि वर मलाच विचारतात, "काय इंजिनिअर, तुझा पृष्ठभाग काय म्हणतो?"