पोटात दुखायलंय, बाई!

कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. शिष्यवृत्ती परीक्षेचं वर्ष आलं की मूल तेच राहतं, घरातला सूर मात्र बदलतो. तो सूर पेलणाऱ्या मुलांनी मला शिकवलेलं हे थोडं.

१. पोटदुखी खरी माना.
नऊ-दहा वर्षांचं मूल “मला ताण आलाय” असं सांगत नाही. सराव पेपरच्या सकाळी ते म्हणतं, “बाई, पोटात दुखायलंय.” त्याला जवळ बसवा, पाणी द्या, कुठं अडलंय ते विचारा. पुष्कळदा सगळी भीती एका भागाकारात अडकलेली असते.

२. गणित वहीबाहेर न्या.
दिवाळीनंतर आपल्याकडं गुऱ्हाळं पेटतात. १०० किलो उसातून साधारण १० किलो गूळ निघत असेल, तर ३० किलोच्या रव्याला ऊस किती लागेल? उसाची मोळी आणि गुळाचा रवा डोळ्यांनी पाहिलेली मुलं या प्रश्नावर आपसांत भांडतात, पुन्हा मांडून बघतात. शेकडेवारीचं भय तिथंच ओसरतं.

३. आनंद शेवटी ठेवू नका.
लीलाताई पाटील यांनी १९८५ साली याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. परिसर पाहणं, हातानं करणं, स्वतःचं लिहिणं हाच तिथला अभ्यास. “आधी धडा, मग मजा” ही वाटणी त्यांनी मोडली. चाळीस मुलांच्या साध्या वर्गातही रोज एक तास असा काढता येतो.

४. चुकलेल्या उदाहरणातल्या बरोबर पायऱ्या दाखवा.
चारपैकी तीन पायऱ्या जमल्या हे कळलं, की मूल चौथीसाठी पेन्सिल उचलतं. नुसती फुली दिसली, की वही मिटतं.

५. संध्याकाळचा खेळ काढून घेऊ नका.
या गावाच्या पेठापेठांत फुटबॉल आहे, तालमी आहेत. तासभर घाम गाळून आलेलं मूल रात्री निवांत झोपतं आणि सकाळी वर्गात जागं असतं.

६. तुलना थांबवा.
मुलांना भय आणि चिंतेपासून मुक्त ठेवावं, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तो शाळेला बांधतो, घराला नाही. म्हणून आईवडिलांना माझी कळकळीची विनंती: शेजारच्या मुलाला किती पडले हे आपल्या मुलाला विचारू नका. कालपेक्षा आज त्याला काय जास्त येतंय, तेवढंच बघा, आणि ते त्याला मोठ्यानं सांगा.