गटाचा ईमेल भरला : पैसे भरायचे, आवरायचं की दुसरीकडे जायचं?



उद्यम नोंदणी, अन्न परवाना, बँकेची पत्रं, प्रदर्शनाचं निमंत्रण, कोकम आगळाची ऑर्डर. हे सगळं आता गटाच्या ईमेलवर येतं. आणि एक दिवस मोबाईलवर सूचना येते, "जागा संपत आली आहे, जास्त जागा विकत घ्या." मग बैठकीत प्रश्न निघतो, "फुकट होतं ना? मग आता पैसे कशाचे?" या पाठात त्याचं उत्तर शोधू.

पैसे कशाचे मागतात?

जीमेलचा ईमेल आजही फुकट आहे. पण एका खात्याला मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पर्यंत थोडे लहान केलेले फोटो कितीही ठेवता येत होते, ते मोजले जात नव्हते. त्या दिवसानंतरचे फोटो मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत धरतात.

एक फोटो साधारण ४ एमबीचा. म्हणजे चार हजारांच्या आसपास फोटोंत १५ जीबी संपते. नुसतं लिहिलेलं पत्र त्यापुढे काहीच नाही. थोडक्यात, खातं पत्रांनी क्वचितच भरतं. हळदीकुंकवाचे व्हिडिओ आणि 'शुभ सकाळ'ची चित्रं ते भरतात.

जागा पूर्ण संपली की नवीन ईमेल येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. ऑर्डर आली होती हे आपल्याला कळतही नाही. म्हणून हा विषय "बघू नंतर" म्हणून सोडायचा नाही.

वाट पहिली : आवरणं

आधी हीच करा. खर्च शून्य.

१. गूगल खात्यात 'स्टोरेज' उघडा. कशाने किती जागा घेतली ते दिसेल.
२. हवे ते फोटो आधी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा आणि उघडून बघा. गूगल फोटोमधून पुसलेला फोटो फोनमधूनही जाऊ शकतो.
३. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.
४. पुसलेलं 'ट्रॅश'मध्ये पडून राहतं आणि जागा अडवतं. तेही रिकामं करा.

वाट दुसरी : पैसे भरणं

१०० जीबीचा प्लॅन महिन्याला १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १३०० रुपये, असा दर राहिला आहे. भरण्याआधी चालू दर बघून घ्या. दहा जणींच्या गटात १३०० म्हणजे प्रत्येकीला महिन्याला अकरा रुपयेही नाहीत. पण खरा प्रश्न रकमेचा नाही. ती जागा गटाच्या कामाला लागते की कुणाच्या घरच्या फोटोंना? घरच्या फोटोंसाठी गटाचे पैसे द्यायचे नाहीत. आणि एकदा सुरू केलं की दरवर्षी भरावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

वाट तिसरी : दुसरीकडे जाणं

झोहो ही आपल्या देशातली कंपनी आहे, तिचा ईमेल फुकट मिळतो. पण तिथे फुकट जागा ५ जीबी. नुसत्या पत्रांना ती पुरते, फोटो साठवायला नाही. आणि आज फुकट आहे ते उद्याही फुकट राहील याची खात्री कोणतीच कंपनी देत नाही.

मोठा खर्च पैशांचा नसतो, पत्ता बदलण्याचा असतो. लग्नानंतर नाव बदललं तेव्हा आधार, पॅन, बँक, रेशन कार्ड किती ठिकाणी फेऱ्या मारल्या, आठवतं ना? ईमेल बदलणं तसंच. बँक, उद्यम, अन्न परवाना, व्यापारी, मालाच्या पाकिटावरचं लेबल, सगळीकडे नवा पत्ता द्यावा लागतो. जायचं ठरलंच तर ही यादी आधी करा. जुनं खातं निदान वर्षभर चालू ठेवा आणि तिथली पत्रं नव्या पत्त्यावर आपोआप जातील अशी सोय लावा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं.

त्याआधी चावी कुणाकडे?

बरेचदा गटाचा ईमेल एखाद्या ताईच्या मुलीने तिच्याच मोबाईल नंबरवर उघडलेला असतो. मुलगी सासरी किंवा मुंबईला गेली की पासवर्डही तिच्याबरोबर जातो. अशा वेळी आधी नंबर बदलून घ्या, बाकीचं नंतर. खात्याला गटाच्या पदाधिकाऱ्याचा नंबर जोडा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असावा. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदला.

आणि सावध राहा. "आजच पैसे भरा नाहीतर खातं बंद" अशी लिंक आली तर ती उघडू नका. स्वतः खात्यात जाऊन बघा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

• गटाचा ईमेल कुणाच्या नंबरवर आहे?
• जागा किती भरली, कशाने भरली?
• हा पत्ता कुठे कुठे दिला आहे? वहीत यादी लिहा.
• आवरूनही जागा पुरत नसेल तरच पैसे भरायचे की बदलायचं, यावर सगळ्यांशी बोलून ठराव घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये नोंदवा.

गटाच्या पैशाचा हिशोब आपण दर बैठकीत मांडतो. ईमेलचाही वर्षातून दोनदा मांडूया.