मानेवरील गाठ आणि सुईची तपासणी

मानेवर, जबड्याखाली किंवा कानापुढे गाठ आली की आपल्याकडे ती पदराआड महिनोन्महिने लपविली जाते, नाही तर लेप आणि शेक सुरू होतो. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, तर वडीलधारी मंडळी म्हणतात, "सुई लावू नका, कॅन्सर असला तर पसरेल." बारीक सुईमुळे कर्करोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तपासणी लांबविल्याने मात्र असलेला रोग वाढत जातो. तीन आठवड्यांत न जाणारी गाठ दाखवलीच पाहिजे.

या तपासणीस एफ.एन.ए.सी. म्हणतात. सुई साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीची, रक्त काढण्याच्या सुईइतकी किंवा तिच्याहून बारीक असते. ती गाठीत पुढेमागे हलवून पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टाका पडत नाही, रुग्ण थोड्याच वेळात घरी जातो. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील मार्टिन व एलिस यांनी सुईने पेशी काढण्याची पद्धत मांडली. त्यांची सुई मात्र जाड होती. बारीक सुईची पद्धत पुढे स्वीडनमध्ये रूढ झाली.

आता अहवाल कितपत खरा मानावा? डोके व मानेच्या गाठींवरील अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात संवेदनशीलता ८९.६ टक्के आणि विशिष्टता ९६.५ टक्के आढळली. विद्यार्थ्यांनी हे आकडे नुसते पाठ करू नयेत. पहिल्याचा अर्थ असा की, कर्करोगाच्या शंभर गाठींपैकी नव्वदच्या आसपास सुईला सापडतात, दहाएक निसटतात. दुसऱ्याचा अर्थ, कर्करोग नसलेल्या शंभरांपैकी तीन-चार जणांवर उगीच ठपका येतो. म्हणजे 'आहे' हा शब्द बराच भरवशाचा, 'नाही' हा शब्द त्यामानाने कच्चा.

बँकेत हिशेब तपासनीस गठ्ठ्यातील काही व्हाउचरे उचलून पाहतात. चूक सापडली तर ती आहेच. न सापडली म्हणून सारा गठ्ठा निर्दोष, असे कोणी लिहून देत नाही. सुईलाही गाठीतील थोड्याच पेशी मिळतात. म्हणून तंबाखू, मिश्री लावणाऱ्याच्या मानेतील गाठ वाढतच असेल, तर 'कॅन्सर नाही' हा कागद कपाटात ठेवून गप्प बसू नये. सोनोग्राफीत पाहत पुन्हा सुई लावता येते, किंवा जाड सुईने मांसाचा बारीक तुकडा काढता येतो. त्यास कोअर बायोप्सी म्हणतात.

आपल्याकडे मानेच्या गाठींत क्षयरोग पुष्कळ आढळतो आणि तिथे ही तपासणी फार उपयोगी पडते, कारण त्याच नमुन्यात क्षयाचे जंतूही शोधता येतात. थायरॉईडचा एक प्रकार मात्र सुईला चकवतो. फॉलिक्युलर गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे तिचे आवरण भेदले गेले आहे का यावर ठरते, आणि सुट्या पेशींत आवरण दिसत नाही. तिथे शस्त्रक्रियेनंतरच निदान होते. लिम्फोमाची शंका असल्यास बहुधा अख्खी ग्रंथी काढून तपासतात.

अहवालात कधी 'नमुना अपुरा' असे लिहिलेले असते. पुष्कळ जण त्याचा अर्थ 'काही निघाले नाही' असा घेऊन निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच, की तपासणी झालेलीच नाही. ती पुन्हा करून घ्यावयाची आहे.