खडकांचा काळ कसा ओळखावा?

गावाच्या पांढरीत शिवराई सापडली, की त्या थराचा काळ अजमावता येतो. खडकांच्या थरांत हेच कार्य जीवाश्म करतात. जी जाती अल्पकाळ जगली, पण दूरवर पसरली, ती विशेष उपयुक्त. ग्रॅप्टोलाइट या लुप्त सागरी प्राण्यांच्या आधारे लॅपवर्थ यांनी १८७९ मध्ये ऑर्डोव्हिसियन काल निश्चित केला.

भवानीनगर परिसरातील काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्ह्याचा आहे; त्यात जीवाश्म मिळत नाहीत. मात्र दोन लाव्हाप्रवाहांमधील गाळाच्या थरांत ते आढळतात. उदाहरणार्थ, नागपूरजवळ टाकळी येथील गोड्या पाण्यातील फायसा गोगलगाय.

कातळाच्या भेगेतील झाडासारखी काळी नक्षी बहुधा मँगॅनीजची असते. विद्यार्थ्याने ती जीवाश्म म्हणून आणल्यास शिक्षकांनी त्याच्या निरीक्षणाचे कौतुक करावे. चूक मात्र तशीच राहू देऊ नये.