ट्रान्झिस्टरची झीज व तिचें गणित

विहिरीच्या कांठावर घासून पोहऱ्याचा दोर झिजतो, आणि तो आणखी किती दिवस टिकेल हें जाणता मनुष्य पाहूनच सांगतो. परंतु जी झीज डोळ्यांना दिसतच नाहीं, तिचा अंदाज कसा करावा? मोबाइलमधील नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर कोट्यवधि ट्रान्झिस्टर असतात. ते हालत नाहींत, एकमेकांवर घासत नाहींत. तरीहि ते झिजतात. ही झीज कशी होते व तिचें गणित कसें मांडतात, हें आपण पाहूं.

ट्रान्झिस्टर हा विजेचा नळ आहे असें समजावें. सिलिकॉनमधून प्रवाहाचा मार्ग जातो. त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ निरोधक थर व त्याच्यावर ‘गेट’ असतें. गेटला ठराविक विद्युद्दाब मिळाला म्हणजे नळ उघडतो. सिलिकॉन व ऑक्साइड यांच्या सीमेवरील कांहीं अणूंचे मोकळे बंध कारखान्यांत हायड्रोजननें बांधून टाकतात. एका जातीच्या ट्रान्झिस्टरमध्यें गेटवर ऋण दाब दीर्घकाळ राहिला म्हणजे हे बंध तुटूं लागतात. हायड्रोजन निघून जातो, आणि तेथें, तसाच ऑक्साइडमध्येंहि, विद्युद्भार अडकतो. मग नळ उघडण्यास अधिक दाब लागतो, प्रवाह घटतो व यंत्र मंद होतें. उष्णतेनें ही झीज वाढते. हुडकेश्वरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपाशीं जातो. काम करणारी चिप तर त्याहून पुष्कळ तापते.

यंत्र दहा वर्षें टिकावें अशी अपेक्षा असते; पण परीक्षेसाठीं तितकें थांबतां येत नाहीं. म्हणून अधिक दाब व उष्णता देऊन थोडा काळ परीक्षा घेतात व पुढील भाकित गणितानें करितात. झीज काळाच्या सुमारें १/६ घाताच्या प्रमाणांत वाढते. अर्थात् काळ ६४ पट झाला तर झीज दुप्पट होते. पहिल्या दिवसाची झीज १ मानली, तर ६४ दिवसांनीं ती २, आणि ४०९६ दिवसांनीं, म्हणजे सुमारें ११ वर्षांनीं, ४ होईल.

येथें एक फसगत आहे. उकळत्या पाण्यांतून थर्मामीटर बाहेर काढून मग वाचला, तर पारा तोंवर उतरलेला असतो. तसेंच मोजण्यासाठीं दाब काढतांच अडकलेला भार सुटूं लागतो, कांहीं हायड्रोजन परत येतो व झीज अंशतः भरून निघते. सावकाश मोजणारास झीज कमी दिसते. ही तूट आरंभींच्या झिजेंत प्रमाणानें अधिक असल्यामुळें वाढीचा घात मात्र मोठा भासतो. १/६ च्या जागीं १/४ धरला, तर वरील उदाहरणांत ४ ऐवजीं ८ हें उत्तर येतें!

मुंबईस पवई येथें १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक सौविक महापात्र व त्यांचे विद्यार्थी यांनीं या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. दाब काढल्यावर सेकंदाच्या सुमारें लाखाव्या हिश्शांत मोजमाप करून, बंध तुटणें आणि भार अडकणें यांचा त्यांनीं निरनिराळा हिशेब मांडला. त्यांनीं संपादिलेला या विषयावरील ग्रंथहि प्रसिद्ध झाला आहे.

विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें ध्यानांत घ्यावें कीं, गणित कितीहि अचूक असलें तरी त्यांत घातलेलें माप खोटें असेल तर उत्तरहि खोटेंच येतें. म्हणून प्रयोगशाळेंत आंकडा लिहिण्यापूर्वीं तो कसा व केव्हां मोजला, हें स्वतःस अवश्य विचारावें.