त्याग कोणाचा? शल्यचिकित्सेच्या दीर्घ शिक्षणाविषयी एक चिंतन

गेल्या महिन्यात स्वाध्यायवर्गात इंटर्नशिप संपत आलेल्या एका ताईने विचारले, “मला सर्जन व्हायचे आहे. पण बाबांचे डायलिसिस सुरू आहे आणि घरी धाकटा भाऊ एकटाच आहे. एवढा त्याग करणे योग्य आहे का?” वर्गातून लगेच उत्तर आले, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, निःशंक जा! ताई गप्प बसली. उत्तर चुकीचे नव्हते, पण तिने विचारले ते वेगळेच होते.

आधी वर्षे मोजू. एमबीबीएस साडेचार वर्षे, इंटर्नशिप एक, एम.एस. तीन. हृदय किंवा मेंदूची शस्त्रक्रिया शिकायची तर एम.सीएच.ची आणखी तीन. प्रवेश परीक्षेत एकही वर्ष गेले नाही तरी साडेअकरा. हात तयार व्हायला वेळ लागतोच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, शिष्याला कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर छेदनाचा सराव करायला सांगितले आहे. शास्त्र कितीही ऐकलेले असो, सरावाशिवाय तो कर्माला अपात्रच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक ७ ते ९) भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नियत कर्म मोहाने सोडणे तामस, शरीराला कष्ट होतील या भयाने सोडणे राजस, आणि कर्म करीत राहून आसक्ती व फळ सोडणे सात्त्विक. म्हणून रात्रपाळीच्या भयाने शाखा सोडत असू तर ते तपासावे, आणि ‘सर्जन’ या नावासाठी ती धरून ठेवत असू तर तेही. उद्या आपली पदवी कोणी विचारणार नाही असे ठरले, तरी रात्री दोन वाजता अपेंडिक्सच्या रुग्णासाठी उठावेसे वाटेल का? (मी वाणिज्य शाखेचा, म्हणून एक जोड: आधीची साडेपाच वर्षे या हिशेबात धरू नयेत. तो खर्च होऊन गेला.)

मात्र सलग छत्तीस तासांच्या ड्यूटीला तप म्हणून गौरवू नये. सतराव्या अध्यायात हट्टाने स्वतःला पीडा देणारे तप तामस म्हटले आहे. थकलेल्या हाताची चूक तर रुग्णाला भोगावी लागते. अशा वेळी वरिष्ठांकडे विश्रांती मागणे यात साधनेला कमीपणा नाही.

खरी अडचण भावाची. आपली आसक्ती आपण सोडू शकतो, पण भावाची झोप, त्याची नोकरी आपण कशी अर्पण करणार? ते त्याचे आहे. त्याला न विचारता घेतले तर ती उधारी होते, आणि पुष्कळ घरांत ती कधीच फेडली जात नाही.

“तू त्याला विचारलेस का?” वर्ग घेणाऱ्या काकांनी विचारले.

“तो नाही म्हणणारच नाही,” ताई म्हणाली.

“म्हणूनच विचार.”

तिने त्याच रात्री घरी फोन केला. भावाने लगेच होकार दिला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबांना डायलिसिसला कोण नेणार, ते आधी ठरवू, असे तो म्हणाला. मावशींनी शुक्रवार घेतला आहे. मंगळवारचे अजून ठरायचे आहे.