समान वागणूक म्हणजे नक्की काय?

अॅडमिशनच्या दिवसांत मेसमध्ये एक वाद हमखास रंगतो. मेरिट की रिझर्व्हेशन? मागच्या वर्षी मीही तावातावाने बोलले, "सगळ्यांना सारखा नियम का नाही?" माझी रूममेट काही न बोलता ताट घेऊन उठून गेली. शाळेत सिव्हिक्स नुसतं पाठ केलं होतं, हे तेव्हा कळलं. म्हणून सुट्टीत थोडं वाचलं, ते इथे मांडते.

सुरुवात आपल्या महाराष्ट्रातलीच. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या.

पुढची केस तर आपल्याच फील्डची. मद्रास राज्यात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या दर 14 जागा अशा वाटलेल्या असत: ब्राह्मणेतर हिंदू 6, मागास हिंदू 2, ब्राह्मण 2, हरिजन 2, मुस्लिम 1, ख्रिश्चन व अँग्लो-इंडियन मिळून 1. चंपकम दोराईराजन याविरुद्ध कोर्टात गेल्या. 1951 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाटणी रद्द केली. त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम 15(4) आणलं. मागास वर्गांसाठी सरकारला खास तरतूद करता येईल, असं ते सांगतं.

मग याला मर्यादा नाही का? आहे. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात कोर्टाने ओबीसींचे 27 टक्के मान्य केले, पण क्रीमी लेयर वगळायला सांगितलं आणि एकूण आरक्षण साधारणपणे 50 टक्क्यांच्या आत ठेवलं. 2019 मध्ये आर्थिक निकषावर 10 टक्के आले. 2022 मध्ये ते कोर्टात टिकले, तेही 3 विरुद्ध 2 मतांनी. म्हणजे न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं. आपलं मेसमध्ये कुठून होणार!

सिव्हिलवाल्यांना एक उदाहरण पटेल. इमारत समपातळीत राहावी म्हणून सगळ्या कॉलमना एकच फुटिंग देत नाहीत. खालची माती आणि वरचा लोड बघून देतात. मात्र प्रत्येक फुटिंगचं कॅल्क्युलेशन दाखवावं लागतं. सरकारी सवलतीचंही तसंच. कोणाला, का आणि किती, याचा हिशोब मागायचा आपल्याला हक्क आहे.

हा हिशोब मागायची जागा म्हणजे मतपेटी. 1989 पासून मतदानाचं वय 21 वरून 18 झालंय. होस्टेलमधल्या किती जणांचं नाव मतदारयादीत आहे?

आणि हो, रूममेटला मी सॉरी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "आधी विचारायचंस तरी!" वाद अजूनही होतात, पण आता ती ताट घेऊन उठत नाही.